उताऱ्यावरील प्रश्न आणि 'हे कशावरून?'

आपली मुलगी दहावीत मराठी माध्यमात शिकते, अवांतर वाचन भरपूर करते, धडे आणि कविता तिला चांगल्या समजतात, तरीही सराव परीक्षांत स्वमत, अभिव्यक्ती आणि रसग्रहण या प्रश्नांत तिचे गुण सातत्याने जातात, असे आपण लिहिले आहे. उत्तरपत्रिकेवर 'उत्तर मुद्द्याला धरून नाही' असा शेरा येतो आणि विचारायला गेले की 'आणखी सराव करा' एवढेच सांगितले जाते. तेव्हा नेमका कसला सराव करायचा, असा आपला प्रश्न आहे. अनेक वर्षे माध्यमिक वर्गांना मराठी शिकवताना आणि उत्तरपत्रिका तपासताना जे ध्यानात आले, त्यावरून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

चांगले वाचणाऱ्या मुलांचे गुण उतारा न समजल्यामुळे क्वचितच जातात. ही मुले उताऱ्यावर लिहायचे सोडून उताऱ्याच्या विषयावर लिहू लागतात आणि तेथेच उत्तर घसरते. उतारा झाडांविषयीचा असला की पर्यावरणरक्षणावर छोटा निबंध येतो, आजीविषयीचा असला की एकत्र कुटुंबपद्धतीवर चार वाक्ये येतात, शेतकऱ्याविषयीचा असला की 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे' अशी सुरुवात ठरलेली असते. यातले एकही वाक्य खोटे नसते. मात्र ती सगळी वाक्ये उतारा न वाचताही लिहिता येतात आणि परीक्षकाला गुण तर वाचनाला द्यायचे असतात. 'मुद्द्याला धरून नाही' या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

यात मुलीला कमी लेखण्यासारखे काही नाही. केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लेखी मागवले. त्या अभिप्रायांत त्यांना जे दोष आढळले, त्यांत समोरच्या ओळी बाजूला ठेवून मनात आधीच तयार असलेली साचेबंद प्रतिक्रिया लिहून टाकणे हा एक ठळक दोष होता. विद्यापीठात साहित्य शिकणाऱ्यांचे असे होत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलांचे होणे स्वाभाविकच आहे. आणि आपल्याकडे तर मार्गदर्शिकांमधली तयार उत्तरे त्या साच्याला रोज खतपाणी घालत असतात.

हे प्रश्न किती मोलाचे आहेत तेही पाहावे. राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रथम भाषा मराठीच्या सध्याच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, ८० गुणांपैकी गद्य विभागाला १८, पद्य विभागाला १६ आणि स्थूलवाचनाला (पूरक पाठांना) ६ गुण आहेत. म्हणजे निम्मे, ४० गुण, वाचलेल्या मजकुराशी बांधलेले आहेत. गद्यातल्या दोन पठित (पाठ्यपुस्तकातल्या) उताऱ्यांना प्रत्येकी ७ आणि अपठित (पुस्तकाबाहेरच्या) उताऱ्याला ४ अशी वाटणी असते. पठित उताऱ्याच्या ७ गुणांतले ४ आकलनाच्या कृतींना आणि ३ स्वमताला असतात. चौकटी, ओघतक्ते आणि जोड्या यांत आपल्या मुलीचे फारसे काही जात नसावे. जातात ते या तीन गुणांतले दीड-दोन, आणि तसे प्रत्येक ठिकाणी होत गेले की एकूण बेरीज बरीच खाली येते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पाठ्यपुस्तकातला उतारा घेतला तर त्याची पाठ केलेली उत्तरे मध्ये येतात, म्हणून पुढचा छोटा उतारा मी याच कामासाठी लिहिला आहे.

'आबांनी दुकानाच्या फळ्या लावल्या तेव्हा उन्हं अजून देवळाच्या कळसावर होती. एरवी दिवेलागणीनंतरही त्यांच्या मशीनची खडखड पेठेत ऐकू यायची. कुलूप लावून त्यांनी किल्ली रोजच्यासारखी बंडीच्या खिशात टाकली नाही. मुठीतच धरून ठेवली. शेजारचा पानवाला पुढे आला. "आबा, सदऱ्याच्या शिलाईचे वीस रुपये राहिलेत माझ्याकडे." "राहू देत," आबा म्हणाले, "काहीतरी राहिलेलं बरं." मग शाळेवरून जाणारा जवळचा रस्ता सोडून ते नदीकाठाने घराकडे निघाले. यंदा शाळेचे गणवेश शहरातून तयार आले होते.'

यावर पहिला प्रश्न असा विचारता येईल: 'आबांच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा त्या दिवशी वेगळ्या घडलेल्या दोन गोष्टी लिहा.' हा साधा आकलनाचा प्रश्न आहे, तरी त्यातही 'पानवाला पैसे द्यायला आला' असे उत्तर हमखास सापडते. ती गोष्ट उताऱ्यात आहे, परंतु ती आबांचे वागणे नव्हे. 'एरवी' आणि 'रोजच्यासारखी' हे शब्द लेखकाने जेथे ठेवले आहेत, तेथेच दोन्ही उत्तरे आहेत: दुकान लवकर बंद करणे आणि किल्ली खिशात न टाकणे. प्रश्नातल्या 'नेहमीच्या' या शब्दाची उताऱ्यातल्या या दोन शब्दांशी गाठ घालता आली की उत्तर शोधत बसावे लागत नाही.

दुसरा प्रश्न कारणाचा: 'आबा नदीकाठाने घरी गेले, कारण...' येथे बरीच मुले लगेच आधीचे वाक्य उतरवून काढतात; कारण नेहमी आधीच येते अशी त्यांची समजूत असते. येथे ते शेवटच्या वाक्यात आहे आणि लेखकाने ते 'म्हणून' किंवा 'कारण' न वापरता नुसते शेजारी ठेवून दिले आहे. गणवेश शहरातून आल्यामुळे शाळेचे काम आबांच्या हातून गेले आहे आणि ती शाळा त्यांना नजरेसमोर नको आहे, हा दुवा वाचणाऱ्याने जोडायचा असतो. ललित गद्यातले कारणांचे प्रश्न बहुधा असेच असतात. माहितीपर लेखात कारण सांगितलेले असते. कथेत ते पेरलेले असते. एवढा फरक मुलीला एकदा नीट दाखवून दिलात तर पुष्कळ काम होईल.

तिसरा प्रश्न: '"काहीतरी राहिलेलं बरं" या वाक्यातून सूचित होणारा अर्थ लिहा.' मराठी व्याकरणात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना (अनुक्रमे सरळ, लाक्षणिक आणि सूचित अर्थ देणाऱ्या) या शब्दशक्ती मुले शिकतात, पण त्या व्याकरणाच्या वहीत राहतात आणि गद्याच्या प्रश्नात कोणालाच आठवत नाहीत. प्रत्यक्षात त्यांचा खरा उपयोग येथेच आहे. 'सूर्य मावळला' हे संस्कृत साहित्यशास्त्रातले जुने उदाहरण आहे: तेच वाक्य गुराख्याने ऐकले तर गुरे परत न्यायची वेळ झाली आणि उपासकाने ऐकले तर संध्येची वेळ झाली. वाक्य बदलत नाही. बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांमुळे अर्थ वाढतो. आबांच्या वाक्याचा वाच्यार्थ 'पैसे आत्ता देऊ नकोस' इतकाच आहे. ते कोण म्हणतो, कधी म्हणतो आणि कोणाला म्हणतो हे पाहिले की कळते: गावाशी असलेला कामाचा धागा तुटत असताना निदान एक येणे शिल्लक राहावे, म्हणजे नाते शिल्लक राहील, अशी ती इच्छा आहे. 'आबा उदार होते म्हणून त्यांनी पैसे घेतले नाहीत' हे उत्तर चांगल्या मनाने लिहिलेले असते, पण ते प्रसंगाला सोडून असते.

आता स्वमताकडे वळू, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे. 'आबांच्या मनःस्थितीविषयी तुमचे मत उताऱ्याच्या आधारे लिहा' असा प्रश्न आला तर हुशार मुलाचेही उत्तर पुष्कळदा असे येते:

'आजचे युग हे यंत्रयुग आहे. यंत्रांमुळे माणसाचे जीवन सुखी झाले, परंतु अनेक कारागिरांचे व्यवसाय बंद पडले. शिंपी, कुंभार, लोहार यांच्यावर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. आबांनाही त्यामुळे फार दुःख झाले. म्हणून आपण सर्वांनी कारागिरांना मदत केली पाहिजे.'

भाषा शुद्ध आहे आणि भावनाही प्रामाणिक आहे. तरी पाच वाक्यांपैकी आबांविषयी एकच वाक्य आहे आणि त्यातही 'फार दुःख झाले' यापलीकडे काही नाही. कुंभार आणि लोहार उताऱ्यात नाहीतच. पहिले वाक्य तर कोणत्याही धड्याच्या उत्तराला जोडता येईल. आता त्याच मुलाला पुढील उत्तर लिहिता आले असते:

'गणवेश शहरातून तयार आल्यामुळे आबांचे वर्षाचे मोठे काम गेले आहे, तरी ते कोणालाही दोष देत नाहीत. त्यांची अस्वस्थता त्यांच्या कृतींतून कळते. एरवी रात्रीपर्यंत चालणारे दुकान ते ऊन असतानाच बंद करतात आणि किल्ली मुठीत घट्ट धरून ठेवतात. ते दुकान आता किती दिवस आपले राहील, याची त्यांना खात्री नसावी. शाळेवरून जाणेही ते टाळतात. मला वाटते, आबांना पैशांच्या नुकसानीपेक्षा गावाला आपली गरज उरली नाही याचे दुःख अधिक आहे, कारण केवळ पैशांची चिंता असती, तर पानवाल्याकडचे वीस रुपये त्यांनी घेतले असते.'

या उत्तरातले शेवटचे वाक्य पाहावे. ते मत आहे, ते त्या मुलाचे स्वतःचे आहे आणि त्याला उताऱ्यातल्या वीस रुपयांचा आधार आहे. दुसऱ्या एखाद्या मुलीला आबांचा राग दिसेल, तिसऱ्याला भीती दिसेल. तीही उत्तरे ग्राह्य धरता येतात, फक्त प्रत्येकाने उताऱ्यातल्या कोणत्या गोष्टीवर बोट ठेवून आपण हे म्हणतो, ते दाखवले पाहिजे. 'स्वमत' या शीर्षकामुळे मुलांचा असा समज होतो की, येथे उताऱ्याशी काही संबंध नसलेले स्वतःचे विचार अपेक्षित आहेत. काही प्रश्नांत स्वतःचा अनुभव जोडायला सांगितलेले असते हे खरे, आणि तेथे अनुभव अवश्य लिहावा. पण तेथेही अनुभवाचे टोक धड्यातल्या एखाद्या प्रसंगात अडकवलेले असावे लागते.

'नसावी' या क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. 'आबांनी दुकान कायमचे बंद केले' असे उताऱ्यात कोठेही म्हटलेले नाही. तसे ठामपणे लिहिणारे मूल उताऱ्याच्या पुढे गेले. जे स्पष्ट लिहिलेले आहे ते 'आहे' म्हणून सांगावे, जे दोन वाक्ये जोडून कळते ते 'यावरून कळते' म्हणून सांगावे आणि जो केवळ तर्क आहे तो 'असावा', 'वाटते' या शब्दांत मांडावा. मराठीत ही सोय क्रियापदातच आहे, आणि तिचा नेमका वापर करणाऱ्या उत्तरात वाचणाऱ्याची समज लगेच दिसते.

प्रश्नातली आज्ञार्थी क्रियापदे आणि अटी यांविषयी थोडक्यात सांगते. 'स्पष्ट करा' म्हटले की अर्थ आणि त्याचे कारण दोन्ही हवेत. 'तुमच्या शब्दांत लिहा' म्हटले की उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे नाही. शीर्षकाची समर्पकता विचारली की शीर्षकाचा अर्थ सांगून थांबू नये. ते शीर्षक आशयाच्या कोणत्या भागाला लागू पडते ते दाखवावे. व्यक्तीचे गुणविशेष विचारले की प्रत्येक गुणापुढे तो दाखवणारा प्रसंग यावा. 'प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी' अशी नुसती विशेषणे मांडून ठेवल्याने उत्तर होत नाही.

कवितेत हाच दोष अधिक गंभीर होतो, कारण रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे मुलांना शिकवलेले असतात आणि प्रत्येकासाठी एक ठरावीक वाक्यही पाठ असते. 'कवीने साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत हृदयस्पर्शी भावना व्यक्त केल्या आहेत' हे वाक्य ज्या कवितेला लागू पडणार नाही अशी कविता शोधूनही सापडणार नाही. म्हणूनच त्याला काही किंमत उरत नाही. तीन मुद्द्यांची चौकट चांगली आहे, ती टाकू नये. तिच्यात भरायचे ते मात्र समोरच्या ओळींतून यावे. सरावासाठी दोन ओळी देते:

'डाळ निवडते आई, खडे वेचून टाकते;
दिवसाचे बोल सारे रात्री तसेच चाळते.'

आशयाविषयी लिहायचे तर 'आईचे प्रेम थोर असते' हे वाक्य येथे निरुपयोगी आहे, कारण या ओळींत प्रेमाचा उल्लेखच नाही. दिवसभर ऐकलेल्या बोलांतले टोचणारे शब्द आई रात्री एकटीने बाजूला काढते आणि उरलेले जपते, हा आशय आहे. काव्यसौंदर्य असे की, बोलांतले खडे दुसऱ्या ओळीत सांगितलेलेच नाहीत. पहिल्या ओळीतले खडे वाचक आपल्या मनाने तेथे नेतो. 'तसेच' या साधर्म्य दाखवणाऱ्या शब्दाने येथे उपमा साधली आहे, हे सांगावे आणि उपमेय-उपमान कोणते, म्हणजे कशाला कशाची उपमा दिली आहे, तेही लिहावे. पण अलंकाराचे नाव लिहून थांबू नये, त्या उपमेने काय साधले ते सांगावे. भाषेविषयी सांगायचे तर 'निवडते', 'वेचून', 'चाळते' ही तिन्ही क्रियावाचक रूपे स्वयंपाकघरातली आहेत आणि मनातली घडामोड सांगतानाही कवितेने ते घर सोडलेले नाही. प्रत्येक चरणात आठ अक्षरे असल्यामुळे ओवीसारखी संथ लय येते, तीही नोंदवता येईल. एवढे लिहायला सात-आठ वाक्ये पुरतात आणि त्यातले एकही वाक्य दुसऱ्या कवितेच्या उत्तरात चिकटवता येणार नाही. रसग्रहण जमले की नाही, हे ओळखायला मी वर्गात हीच कसोटी वापरते.

अपठित उताऱ्याविषयी मुलांना अकारण भीती असते. वास्तविक तेथे पाठ केलेले काहीच आड येत नसल्यामुळे वाचन स्वच्छ होते. प्रश्न आधी वाचून मग उत्तरांची वाक्ये हुडकत जाण्याची पद्धत अनेक ठिकाणी शिकवली जाते. माहितीपर उताऱ्यात ती चालून जाते. ललित उताऱ्यात ती घातक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सुट्या वाक्यांच्या मागे धावताना गणवेशाचे ते शेवटचे वाक्य आणि नदीकाठचा रस्ता यांची गाठ पडतच नाही. उतारा एकदा सलग वाचावा, मग प्रश्न वाचावेत आणि मग पुन्हा उताऱ्यात जावे. यात लागणारी दोन-तीन मिनिटे तीन तासांच्या परीक्षेत परवडतात. अडलेल्या शब्दापाशी थांबून राहू नये. 'बंडी' हा शब्द शहरातल्या मुलीला माहीत नसेल, पण बंडीला खिसा आहे आणि ती आबांच्या अंगात आहे एवढे वाक्यावरूनच कळते आणि उत्तरासाठी तेवढे पुरेसे असते.

घरी करायच्या सरावासाठी नवीन पुस्तके आणण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा तिच्या आवडीच्या कथेतला किंवा दिवाळी अंकातला दहा-बारा ओळींचा तुकडा घ्यावा आणि तिला त्या माणसाविषयी एकच मत तोंडी सांगायला लावावे. ती काहीही म्हणाली तरी आपण फक्त 'हे कशावरून?' असे विचारावे आणि तिने ओळ दाखवावी. ओळ सापडली नाही तर मत बदलावे किंवा 'असावे' म्हणून सौम्य करावे. आपल्याला स्वतःला साहित्याची फार माहिती असण्याची गरज नाही; प्रश्न तेवढा प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. दोन-तीन आठवडे हे तोंडी झाल्यावर लेखनाकडे वळावे आणि तीन गुणांच्या उत्तरासाठी सहा-सात वाक्यांची मर्यादा स्वतःहून घालून घ्यावी. पहिल्याच वाक्यात प्रश्नाला थेट उत्तर यावे. 'प्रस्तुत पाठात लेखकाने अतिशय सुंदर रीतीने' अशी प्रस्तावना पूर्ण गाळावी. लिहून झाल्यावर तिने पेन्सिलीने प्रत्येक वाक्यासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक टाकावा. ज्या वाक्यासमोर क्रमांक येत नाही आणि जे तिचे तर्कशुद्ध मतही नाही, ते वाक्य खोडावे.

मार्गदर्शिका घरात असेल तर ती फेकून देऊ नका, तिची वेळ मात्र बदला. स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावरच ती उघडावी आणि तिच्यातल्या उत्तरालाही तोच प्रश्न विचारावा. कित्येकदा मुलीचे उत्तर छापील उत्तरापेक्षा वेगळे निघेल आणि तिला ते चुकले असे वाटेल. अशा वेळी वेगळेपणाची भीती बाळगू नये. नमुना उत्तराशी न जुळणारे पण उताऱ्याचा आधार देणारे उत्तर समोर आले की परीक्षकाला ते मान्य करायला आधार सापडतो. आधारच दिलेला नसेल तर त्याची इच्छा असूनही गुण देता येत नाहीत.